डिझेल की हायब्रिड? पैनगंगेच्या अलीकडचा हिशेब

आमच्या आदिलाबादेत नवी गाडी घेतली असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: ॲव्हरेज किती देते आणि ऑन रोड कितीला पडली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण एवढीच की शोरूममध्ये त्यांची जी उत्तरं मिळतात ती खोटी नसली, तरी आपल्या रस्त्यांचा विचार करून दिलेली नसतात.

मी बेल्याकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. जाऊन-येऊन सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर पडतात. गाडी मी चालवते, सोबत तीन शिक्षक असतात आणि तेलाचा खर्च चौघांत. जुनी गाडी मोडीला आली आणि मधल्या आकाराची एसयूव्ही घ्यायचं ठरलं, तेव्हा निवडीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. ह्यांचा कापसाचा व्यवहार; हंगाम सुरू झाला की ह्यांना जेवायला फुरसत नसते. ह्यांनी एवढंच सांगितलं, "पांढरी घे, धूळ दिसत नाही." गल्लीचं मत असं की गाडी म्हणजे स्कॉर्पिओ, बाकीचे सगळे डबे. त्या मताला मी मान दिला आणि बाजूला ठेवलं.

यादी घासता घासता दोन नावं उरली. एक ह्युंदाईची क्रेटा, डिझेलवरची. दुसरी मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, तीही स्ट्राँग हायब्रिड. बाहेरून टेप लावला तर दोघींत भांडण नाही. क्रेटाची लांबी ४,३३० मिलिमीटर, ग्रँड व्हिटाराची ४,३४५, म्हणजे फरक दीड सेंटिमीटरचा. रुंदीत तर अर्ध्याच सेंटिमीटरचा. ताकदही कागदावर सारखीच, दोन्हींची ११६ पीएसच्या आसपास. वेगळं आहे ते बॉनेटखाली, आणि ते का वेगळं आहे हे समजलं की अर्धी निवड तिथेच होते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे धुराचे निकष लागू झाले. डिझेलचा धूर त्या मापात बसवायचा तर गाळणी आणि बाकीची यंत्रणा महाग पडते. मारुतीने हिशेब केला आणि डिझेल गाड्या बंदच करून टाकल्या. ह्युंदाईने आपलं दीड लिटरचं डिझेल इंजिन सुधारून चालू ठेवलं. मग कमी इंधनात जास्त धावणारी गाडी मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मारुतीने टोयोटाचा हात धरून हायब्रिड आणलं. २०२२ च्या सप्टेंबरात आलेली ग्रँड व्हिटारा तयार होते ती कर्नाटकातल्या बिडदीला, टोयोटाच्या कारखान्यात. टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर म्हणजे हीच गाडी, चेहरा तेवढा बदललेला. तेव्हा एकीची चौकशी करताना दुसरीचा भाव विचारायला विसरू नये.

हायब्रिडबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये बराच गोंधळ होता. कुणी म्हणे रात्री चार्जिंगला लावावी लागते, कुणी म्हणे बॅटरी संपली की रस्त्यातच उभी राहते. दोन्ही चूक. हिला चार्जिंगची वायरच नाही. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्याच्या जोडीला ८० पीएसची विजेची मोटर आणि मागे एक लहानशी बॅटरी. आपण ब्रेक मारतो तेव्हा जी शक्ती एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते, तीच मोटर उलटी फिरून बॅटरीत साठवते आणि पुढच्या चालीला वापरते. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देतात तसा हा प्रकार. सिग्नलवर, गर्दीत, हळू चालीत इंजिन बंदच राहतं आणि गाडी विजेवर सरकते. पण त्यासाठी आधी भात उरायला हवा. ज्या रस्त्यावर ब्रेक मारायचीच वेळ येत नाही, तिथे साठणार काय?

कंपनी या गाडीचं ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर सांगते. क्रेटा डिझेल मॅन्युअलचं २१.८. आकडे वाचून माणूस डोळे झाकून हायब्रिडकडे वळेल. हे आकडे कुठून येतात? पुण्यात वेताळ टेकडीवर ज्या संस्थेमुळे लोक त्या भागाला एआरएआय टेकडी म्हणतात, तिचं नाव तुम्ही ॲव्हरेजच्या संदर्भात ऐकलं असेल. तिथली चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडी रुळांवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त केला जातो. तक्त्याचा मोठा भाग शहरी चालीचा, थांबत-थांबत जाण्याचा. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. अशा परीक्षेत हायब्रिडला पैकीच्या पैकी मिळणारच, पेपरच तिच्या अभ्यासक्रमावर काढलेला आहे.

खरी परीक्षा मी घेतली ती नागपूरला. तिथे राहणाऱ्या आमच्या भाऊजींकडे हीच ग्रँड व्हिटारा आहे. दिवाळीनंतर आदिलाबादला येताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. सीताबर्डीपासून वर्धा रोडने विमानतळापर्यंत गर्दी होती आणि गाडी बहुतेक वेळ आवाजच करत नव्हती. पडद्यावर २६, मध्येच २७ दिसायचं. भाऊजी शेजारून माझ्याकडे असे बघत होते की जणू ती त्यांनीच बनवली आहे. बुटीबोरी गेलं, रस्ता मोकळा झाला, काटा शंभरच्या घरात स्थिर झाला. आता इंजिन सतत चालू. जाम, हिंगणघाट, वडनेर, वडकी करत पांढरकवड्याला पोचेपर्यंत आकडा उतरत उतरत एकविसावर आला. एका कंटेनरला ओलांडायला पाय दाबला तेव्हा इंजिनाचा आवाज आधी वाढला आणि वेग मागून आला. गिअर नसलेल्या ई-सीव्हीटीचा तो स्वभावच आहे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही जोरात पळवता." मी पळवत नव्हते. चार पदरी राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सगळेच त्या वेगाने जातात.

डिझेलची क्रेटा आमच्या एका मॅडमच्या घरची आहे. तिच्यातून आम्ही चौघं शाळेला गेलो. हिचं २५० न्यूटन मीटरचं टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याची ओढ, इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांनाच पूर्ण मिळतं. भाषा जड वाटली तरी अर्थ सोपा आहे: चार माणसं, चार डबे आणि वह्यांचे गठ्ठे घेऊन पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडताना गिअर खाली घ्यावा लागत नाही. ॲव्हरेज अठरा-एकोणीस पडतं असं त्या सांगतात, आणि त्या पेट्रोल पंपाच्या पावत्या जपून ठेवणाऱ्यांतल्या आहेत.

आता फळ्यावरचा हिशेब. वर्षाला वीस हजार किलोमीटर धरू. आदिलाबादसाठी डिझेल ९७ रुपये आणि पेट्रोल १०९ रुपये लिटर धरते. क्रेटा १८ च्या ॲव्हरेजने १,१११ लिटर डिझेल पिते, म्हणजे एक लाख आठ हजारांच्या जवळ. हायब्रिड २१ च्या ॲव्हरेजने ९५२ लिटर पेट्रोल, म्हणजे एक लाख चार हजारांच्या जवळ. वर्षाला फरक चार हजार रुपयांचा, महिन्याला साडेतीनशेसुद्धा नाही! कागदावर सहा किलोमीटरचं जे अंतर होतं, ते महामार्गाने आणि इंधनाच्या भावाने खाऊन टाकलं.

यात सीमेवरच्या माणसाचा एक जास्तीचा मुद्दा असतो. तेलंगणात पेट्रोलवर ३५.२ टक्के आणि डिझेलवर २७ टक्के व्हॅट आहे. पैनगंगेचा पूल ओलांडून पिंपळखुटी-पाटणबोरीला गेलं की महाराष्ट्राचा दर लागतो आणि लिटरमागे चार-पाच रुपये वाचतात. म्हणून नागपूर, वणी, यवतमाळला जाणारा आदिलाबादी माणूस जाताना काटा तळाला ठेवतो आणि येताना टाकी गच्च भरतो. पण त्यात दोन्ही इंधनं स्वस्त होतात, निकाल बदलत नाही, आणि तेलासाठी रोज कोणी पूल ओलांडत नाही.

इंधनाने निकाल दिला नाही तर मग काय देतं? माझ्या मते खरेदीच्या दिवशीचा चेक. डिझेल क्रेटा साध्या मॉडेलपासून मिळते. ग्रँड व्हिटाराचं स्ट्राँग हायब्रिड मात्र सगळ्यात साध्या मॉडेलात मिळत नाही. म्हणजे हायब्रिड हवं असेल तर नको असलेल्या चार गोष्टींचेही पैसे मोजा. समजा दोन्हींच्या किमतीत तीन लाखांचा फरक पडला. आमच्याकडे लाइफ टॅक्स आहे; २०२२ मध्ये १० ते २० लाखांच्या गाडीवर तो १७ टक्के झाला आणि नंतरही खाली आलेला नाही. तीन लाखांवर १७ टक्क्यांनी ५१ हजार नुसता कर. वर्षाला चार हजार वाचवून तो करही फिटायला बारा-तेरा वर्षं लागतील, तीन लाखांचं सोडाच. जीएसटीत आता दोघी सारख्याच आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हायब्रिडवर ४३ टक्के आणि दीड लिटरच्या आतल्या या डिझेलवर ४५ टक्के कर लागायचा. त्या दिवसापासून सेस गेला आणि दोघींना ४० टक्के आहे.

लाइफ टॅक्सचा विषय निघाला की इथे प्रत्येक घरात एक शहाणा काका पुढे येतो. "पांढरकवड्याच्या पाहुण्याच्या नावावर घ्या, एमएच पासिंग करा." महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर १२ आणि डिझेलवर १४ टक्के लागतात, त्यामुळे मोह होतो हे खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथे नव्याने नोंदवावीच लागते. शिवाय गाडी पाहुण्याची, विमा पाहुण्याचा आणि अपघात तुमचा, ही त्रांगडी कोण सोडवणार? मी सरळ टीजी ०१ घेणार हे आधीच सांगून टाकलं. वर्णानुक्रमात जुन्या आंध्र प्रदेशात आदिलाबाद पहिलं, म्हणून एपी ०१ आमचं. मग टीएस ०१ झालं आणि मार्च २०२४ पासून टीजी ०१. एक नंबर असल्याचा मान जिल्ह्याला निदान नंबर प्लेटवर तरी मिळतो.

डिझेलची एक खोड मात्र उघड सांगायला हवी, कारण विकणारे ती सांगत नाहीत. नव्या डिझेल गाडीच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती भरत आली की गाडी स्वतःच तिथली उष्णता वाढवून काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन गरम होऊन काही वेळ सलग धावावं लागतं. रोज घर ते बाजार, बाजार ते बँक असे दोन-दोन किलोमीटर करणाऱ्याची गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. माझ्या शाळेच्या रस्त्याला ही चिंता नाही. आदिलाबाद शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला आहे. दहा वर्षांनी डिझेल गाडी जप्त होते ही भीती मात्र सोडून द्या. तो नियम दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या प्रदेशापुरता आहे.

दुरुस्तीचंही पाहावं. आमच्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रकमुळे डिझेलची नाडी ओळखणारे मिस्त्री गावोगाव आहेत. हायब्रिडच्या नारिंगी तारांना, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या तारांना, त्यांनी हात लावू नये आणि ते लावतही नाहीत. मारुती हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते, तेव्हा बॅटरीची धास्ती बाळगायचं कारण नाही. पण रात्री उटनूरच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर फोन कोणाला करायचा, हे आधी ठरवून ठेवावं.

यानंतरचं सगळं मोजमाप मी मामाजींवर सोपवलं. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. शोरूममध्ये त्यांना मागच्या दाराने बसवलं आणि उतरवलं, मग पुन्हा बसवलं. पहिल्या वेळी पाहुण्यासारखं बसतात, दुसऱ्या वेळी खरं कळतं. दार किती अंशात उघडतं, वर धरायला मूठ कुठे आहे, पाऊल आत घेताना खांबाला अडकतं का, हे कुठल्याच छापील कागदावर नसतं. मामाजींचा निकाल छोटा होता: "चढाले दोन्ही बऱ्या हायेत, पन हिच्यात सामान कुठं ठेवसान?" ते हायब्रिडच्या डिकीकडे बघत होते. बॅटरी मागे बसवल्यामुळे तिथली फळी वर आली आहे. क्रेटाच्या डिकीत ४३३ लिटर जागा आहे, हायब्रिडमध्ये २६५. किनवट-माहूरकडचं लग्न म्हटलं की आमच्याकडे दोन बॅगा, आहेराची पिशवी आणि एक तांदळाचं पोतं ठरलेलं. हायब्रिडमध्ये पोतं मांडीवर घ्यावं लागेल.

जमिनीपासूनच्या उंचीत ग्रँड व्हिटारा वरचढ आहे, २१० मिलिमीटर विरुद्ध १९०. पाच माणसं बसली की दोन्ही खाली येतात, पण वीस मिलिमीटरचा फरक राहतोच आणि पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर तो पोटाला जाणवतो. चारही चाकांना ओढ देणारी ऑलग्रिपची सोयही ग्रँड व्हिटारात आहे, या आकाराच्या गाड्यांत ती विरळाच. पण गंमत बघा: ती साध्या पेट्रोल इंजिनावर मिळते, स्ट्राँग हायब्रिडवर नाही.

टेस्ट ड्राइव्ह मात्र रात्री घ्या, हा माझा हट्ट समजा. शोरूमवाले दुपारी मावळ्याच्या बायपासवर नेतात आणि एसी किती गार आहे ते दाखवतात. आमच्याकडे नोव्हेंबरपासून कापसाच्या गाड्या निघतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हातभर फुगलेला कापूस, मागे लाल दिवा नाही, कधी नुसती बैलगाडी. समोरच्या ट्रकच्या उजेडात ती शेवटच्या क्षणी दिसते. वरच्या क्रेटात पुढचं वाहन ओळखून ब्रेक मारणारी, पट्ट्यांत गाडी ठेवणारी एडीएएस यंत्रणा मिळते. ग्रँड व्हिटारात नाही. चांगली गोष्ट आहे, पण पट्टे ओळखायला रस्त्यावर पट्टे लागतात. मी त्याऐवजी खालच्या बीमचा उजेड डाव्या कडेला कुठवर पडतो ते बघितलं. आणि सनरूफ? मेमध्ये ४५ अंशांत डोक्यावर काच घेऊन फिरायची हौस ज्याची त्याला लखलाभ.

सुरक्षेचे तारे सगळे विचारतात. ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये क्रेटाला तीन तारे दिले होते, पण त्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. २०२३ पासून क्रेटाच्या प्रत्येक मॉडेलला सहा आहेत, २०२५ पासून ग्रँड व्हिटारालाही. मात्र त्या सहांतल्या दोन सीटच्या कुशीतून फुगतात, आणि आपण गाडी घरी आणल्या आणल्या जाड सीट कव्हर शिवून त्यांचं तोंड बांधतो. त्याच कव्हरखाली मागच्या बेल्टचं कुलूपही गाडलं जातं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. तरी मागे बसलेल्याला बेल्ट लाव म्हटलं की आमच्याकडे अपमान वाटतो. बुल गार्डचं तेच. २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने त्यावर बंदीचे आदेश दिले, आणि त्यामुळे एअरबॅग वेळेवर उघडण्याचा भरवसा जातो. गुरं आडवी येतात म्हणून लावायचं असेल तर वेग कमी करणं स्वस्त पडतं.

एका शोरूममध्ये मला ऑन रोडचा एकच गोळाबेरीज आकडा सांगितला. फोड मागितली तर त्यात विम्याचे, "एसेन्शियल किट"चे आणि कसल्याशा "हँडलिंग"चे पैसे निघाले. विमा शोरूमचाच घ्यावा असं बंधन नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, बाकीचं बाहेर तुलना करून घेता येतं. पैनगंगेचं पाणी शेतात-रस्त्यावर येणाऱ्या भागात राहणाऱ्याने इंजिनाचं वेगळं संरक्षण तेवढं घ्यावं, आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये.

मी डिझेल क्रेटा घेते आहे: मधलं मॉडेल, हाताचे गिअर, पांढरी. नागपूर किंवा हैदराबादेत राहणारा, रोज गर्दीत तासभर अडकणारा कोणी मला विचारेल तर त्याला मी भाऊजींची हायब्रिडच सांगेन. ज्याची गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच फिरते त्याने दोन्हींचा नाद सोडून याच गाड्यांचं साधं पेट्रोल इंजिन घ्यावं; वाचलेल्या पैशात त्याचं कित्येक वर्षांचं पेट्रोल येईल. आणि गाडी कोणतीही घ्या, पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबरवरून ती कोणत्या महिन्यात, कोणत्या साली तयार झाली ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या सालची निघाली, तर विकताना ती एक वर्ष जुनीच धरतात.